उदरशूलाचा माग

रात्री दहा-अकराच्या सुमारास एखाद्या धडधाकट माणसाच्या बेंबीभोवती दुखू लागते. दुखणे बोथट असते व नेमके कोठे दुखते हे त्याला सांगता येत नाही. ‘पोटात कसेसेच होते’ एवढेच तो म्हणतो आणि सगळ्या पोटावरून तळहात फिरवितो. अन्नाची वासना उडते, एखादी उलटी होते. घरची माणसे ओवा देतात, बेंबीला हिंग लावतात आणि काही तरी बाधले असावे असे म्हणून दिवा मालवितात. पहाटेपर्यंत दुखणे आपली जागा बदलते. ते उजव्या अंगास खाली, कमरेच्या हाडाच्या पुढल्या टोकाजवळ येऊन बसते. आता त्या माणसाला ती जागा एका बोटाने दाखविता येते. खोकला आला किंवा कूस पालटली तरी तेथे कळ उठते.

ही हकीगत वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असते. आंत्रपुच्छाचा, म्हणजे अपेंडिक्सचा, दाह असाच सुरू होतो. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये त्या एका बोटाच्या जागेचे वर्णन केले, आणि ती जागा त्यांच्याच नावाने ओळखली जाते. परंतु आपणांस येथे निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. आंत्रपुच्छ तर रात्रभर उजवीकडेच होते. ते काही बेंबीपासून चालत खाली आले नाही. मग पहिले कित्येक तास बेंबीभोवती का दुखत होते?

या प्रश्नाचे उत्तर समजले म्हणजे पोटदुखीचे कारण शोधणे एवढे कठीण का, हेही पुष्कळसे उलगडते. महिनोन् महिने दुखणे सोसणारी, तपासण्यांच्या कागदांची जाड चळत घेऊन एका दवाखान्यातून दुसऱ्यात जाणारी आणि अखेर ‘तुम्हांला काहीही झालेले नाही’ हे ऐकून परतणारी प्रौढ माणसे आपल्या परिचयात असतातच. त्यांच्यापैकी कित्येकांचे दुखणे अज्ञात राहते याचे कारण रोग दुर्मिळ असतो असे नव्हे. जेथे दुखते तेथेच रोग असला पाहिजे ही समजूत शोधाला भलत्या वाटेने नेते.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्वीडनमधील उप्साला येथे लेनांडर नावाचे शल्यचिकित्सक पोटाच्या काही शस्त्रक्रिया रोग्यास बेशुद्ध न करता, केवळ कातडी व स्नायू बधिर करून करीत असत. रोगी जागा असे, बोलत असे. लेनांडर यांना असे आढळले की, आतडे कापले, त्याला टाके घातले किंवा ते डागले, तरी रोग्यास त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र पोटाच्या भिंतीचे आतील अस्तर नुसते ओढले तरी तो कळवळतो. या पातळ अस्तरास पर्युदर म्हणतात. आतड्याला सुरीची वेदना कळत नाही. त्याला कळतात त्या गोष्टी वेगळ्या: फुगून ताणले जाणे, स्नायू आवळले जाणे, दाह होणे आणि रक्ताचा पुरवठा तुटणे.

शिवाय हे कळणेही मोठे मोघम असते. गर्भावस्थेच्या आरंभी अन्नमार्ग ही शरीराच्या मध्यरेषेवरील एक साधी सरळ नळी असते व तिचे मज्जातंतू उजव्या-डाव्या अशा दोन्ही बाजूंनी येतात. पुढे नळी लांबते, वेटोळी घेते, तिचे भाग इकडे-तिकडे जाऊन स्थिरावतात. पण मज्जातंतूंचा मूळ संबंध कायम राहतो. एखादे कुटुंब गाव सोडून गेले तरी त्याचे टपाल जुन्याच पत्त्यावर जात राहावे, तसा हा प्रकार आहे. जठर, पित्ताशय व स्वादुपिंड यांचे टपाल बरगड्यांच्या कोनात, म्हणजे छातीच्या खड्ड्याखाली पोचते. लघ्वांत्राचे व आंत्रपुच्छाचे बेंबीपाशी. आणि मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचे ओटीपोटात. आंत्रपुच्छ सुजून ताणले गेले म्हणजे प्रथम जुन्या पत्त्यावर, बेंबीपाशी, वर्दी जाते. सूज वाढून शेजारच्या पर्युदरास भिडली, की ते अस्तर आपल्या नेमक्या जागेची खबर देते आणि दुखणे उजवीकडे ‘सरकते’.

काही वेळा तर वर्दी पोटाबाहेरच जाते. छाती व पोट यांच्यामधील मध्यपटलाचा मज्जातंतू मानेतून निघतो. त्यामुळे मध्यपटलाखाली रक्त वा पू साचला तर खांद्याच्या टोकाशी दुखते. पित्ताशयाचे दुखणे उजव्या खवाट्याखाली जाणवते, मूत्रवाहिनीत अडकलेल्या खड्याचे कुशीतून जांघेत उतरते. उलट, हृदयविकाराचा झटका कधी कधी केवळ छातीच्या खड्ड्याखालील जळजळ व ओकारी या रूपाने येतो, आणि अपचन समजून सोड्याचे पाणी पिण्यात मोलाचे तास जातात. आतील इंद्रियाचे दुखणे कातडीच्या कोणत्या पट्ट्यावर उमटते याचे नकाशे लंडनचे हेन्री हेड यांनी १८९३ मध्ये प्रसिद्ध केले. त्या नकाशांत पुढे दुरुस्त्या झाल्या, पण मूळ कल्पना टिकली आहे.

तेव्हा ‘कोठे दुखते?’ या प्रश्नाचे उत्तर एकटेच फारसे विश्वसनीय नसते. त्याच्या जोडीस आणखी प्रश्न हवेत. दुखणे एका क्षणात आले की हळूहळू चढले? सतत असते की लाटांनी येते? जेवणाने वाढते की शमते? शौचास जाऊन आल्यावर मोकळे वाटते काय? रात्री झोपेतून जागे करते काय? दुखत असता रोगी काय करतो, हा प्रश्न तर बहुमोल आहे. मूतखड्याचा रोगी अंथरुणात तळमळतो, उठतो, येरझारा घालतो. त्याला कोणत्याच स्थितीत चैन पडत नाही. पर्युदराचा दाह झालेला रोगी निपचित पडून राहतो, कारण किंचित हालचालही त्याला असह्य होते. स्वादुपिंडाच्या दाहाचा रोगी पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसतो. एक शब्दही न बोलता या तिघांनी निम्मे निदान सांगून टाकलेले असते.

हे लिखाण करीत असता प्रस्तुत अनुवादकास एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. इंग्रजीत ‘पेन’ या शब्दाच्या आधीमागे विशेषणे लावून जे सांगावे लागते, त्याचे मराठीत एक मोठे कुटुंबच आहे. मुरडा, कळ, ठणका, जळजळ, टोचणी, चमक, गुबारा, पोटात गोळा उठणे या शब्दांपैकी एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. येऊन पिळणारा व ओसरणारा मुरडा हा पोकळ नळीच्या स्नायूंचा असतो, ठणका बहुधा सुजलेल्या वा पिकलेल्या जागेचा, जळजळ आम्लाची. पित्ताशयातील खड्याच्या वेदनेस आपण शूळ म्हणतो खरे, परंतु ती मुरड्यासारखी ये-जा करीत नाही. चढते, तास-दोन तास किंवा अधिक काळ तशीच राहते आणि मग उतरते. इंदूर, बडोदे किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी माणसास वैद्याशी परभाषेत बोलावे लागते व हे सारे कुटुंब ‘पेट में दर्द’ या तीन शब्दांत गुंडाळले जाते. अशा वेळी नेमका शब्द सापडला नाही तर हाताच्या मुठीने पिळून दाखवावे, बोटाने टोचून दाखवावे. तज्ज्ञ वैद्यास ती खूण पुरते.

काही प्रश्नांना थांबण्यास वेळ नसतो. एरवी निरोगी असलेल्या माणसाचे तीव्र पोट सलग सहा तास दुखत राहिले, तर शस्त्रक्रियेचा विचार करावयास लावणारे काही तरी असण्याचा संभव मोठा, असा ठोकताळा शल्यचिकित्सकांत फार दिवसांपासून रूढ आहे. प्रजननवयातील स्त्रीच्या पोटात एकाएकी दुखू लागल्यास शेवटची पाळी केव्हा आली हे विचारलेच पाहिजे. संकोचापायी हा प्रश्न टाळला गेला आणि गर्भ गर्भाशयाबाहेर, नलिकेत रुजून नलिका फुटली असली, तर रक्तस्राव घटकाभरात जिवावर बेततो. वृद्ध माणसाची वेदना असह्य आहे, परंतु पोट हाताला मऊच लागते, असा विसंगत देखावा दिसल्यास आतड्याची रक्तवाहिनी तुंबली असण्याची शंका घ्यावी लागते. विशेषतः हृदयाचे ठोके अनियमित पडत असतील तर. पूर्वी निदान होईपर्यंत वेदनाशामक औषध देऊ नये, लक्षणे झाकली जातात, असे शिकवीत असत. नंतरच्या प्रयोगांनी ही भीती निराधार ठरविली. वेदना हलकी झालेल्या रोग्याचे पोट उलट अधिक नीट तपासता येते.

प्रश्नांनंतर हात. येथे एका अतिशय साध्या परीक्षेचा उल्लेख केला पाहिजे. फिलाडेल्फियाचे शल्यचिकित्सक कार्नेट यांनी ती १९२६ मध्ये मांडली. रोग्यास उताणे निजवून दुखरी जागा बोटाने दाबावयाची आणि तसेच दाबून ठेवून त्याला डोके व खांदे उचलावयास सांगावयाचे. त्यामुळे पोटाचे स्नायू ताठ होऊन आतील इंद्रियांवर ढालीप्रमाणे पसरतात. रोग आत असेल तर दाबाची वेदना कमी होते. वेदना तशीच राहिली किंवा वाढली, तर दुखणे आत नसून पोटाच्या भिंतीतच असण्याचा संभव अधिक. स्नायूंच्या कडेशी एखादा मज्जातंतू आवळला जाऊन वर्षानुवर्षे एकाच बोटभर जागेत दुखत राहते. रोग्याची सारी आतडी तपासून होतात व ती निर्दोष ठरतात. त्या जागी बधिरतेच्या औषधाची सुई टोचताच काही मिनिटांत दुखणे थांबले, तर कारण व उपाय एकदमच हाती लागतात. नागीण अंगावर उठण्याच्या आधी काही दिवस कमरेपासून पोटापर्यंत एकाच बाजूस होणारी आगही अशीच फसवी असते. कार्नेट यांच्या परीक्षेस कसलेही उपकरण लागत नाही, पैसा लागत नाही, मिनिटभर वेळ लागतो. ती विसरली जाते याचे कारणही कदाचित हेच असावे.

उपकरणांची थोरवी अर्थातच मोठी आहे, आणि त्यांच्या इतिहासात एका भारतीयाचा वाटा आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी लंडनमध्ये हॉपकिन्स या शास्त्रज्ञांबरोबर काम करीत होते. केसाहून बारीक अशा काचतंतूंची जुडी बांधल्यास तिच्यातून वाकड्या वाटेनेही चित्र नेता येते, हे त्या दोघांनी १९५४ च्या जानेवारीत ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. तोवर जठरात पाहावयाच्या नळ्या ताठ किंवा अर्धवट लवचीक असत व त्या गिळणे ही एक शिक्षाच असे. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात काम करणाऱ्या बेझिल हर्शोविट्स यांनी काचतंतूंची लवचीक नळी तयार करवून १९५७ मध्ये ती प्रथम स्वतः गिळली, मग रोग्यास दिली. आपण जिला सरसकट ‘दुर्बीण’ म्हणतो तिचा वंश येथून सुरू होतो. पुढे ध्वनिलहरींनी चित्र काढणारी सोनोग्राफी आली, १९७१ मध्ये रोग्यावर प्रथम वापरलेला सीटी स्कॅन प्रारंभी मेंदूपुरता होता तो काही वर्षांत पोटापर्यंत पोचला, आणि २००१ पासून गोळीएवढा कॅमेरा गिळून लघ्वांत्राची छायाचित्रे घेता येऊ लागली.

परंतु ही सारी साधने इंद्रियाचा आकार दाखवितात. ते इंद्रिय दुखते की नाही हे दाखवीत नाहीत. पित्ताशयात खडे असणाऱ्या बहुसंख्य लोकांना त्यांचा जन्मभर त्रास होत नाही. अशा एखाद्या माणसाचे पोट अन्य कारणाने दुखू लागले, सोनोग्राफीत खडे दिसले आणि पित्ताशय काढून टाकले, तर दुखणे जेथल्या तेथे राहते. चित्रात काहीच न सापडणे जितके घातक, तितकेच भलते काही तरी सापडणेही घातक ठरू शकते.

कधी कधी चित्र स्वच्छ दिसूनही उत्तर दोन निघतात. लघ्वांत्र व बृहदांत्र जेथे जुळतात त्या सांध्यापाशी व्रण, सूज व अरुंद झालेली वाट दिसली, तर आपल्या देशात दोन रोगांचा विचार करावा लागतो: आतड्याचा क्षय आणि क्रोन यांचा रोग. दोहोंत पोट दुखते, वजन घटते, बारीक ताप येतो. दुर्बिणीतून दोन्ही पुष्कळसे सारखे दिसतात; सूक्ष्मदर्शकाखालीही नेहमी फरक कळतोच असे नाही. उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत. क्रोन यांच्या रोगावर शरीराची प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे देतात. तीच औषधे क्षयाच्या रोग्यास दिली तर क्षय बळावतो. म्हणून कित्येकदा आधी क्षयाची औषधे सुरू करावयाची आणि काही आठवड्यांनंतर पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरून येत आहेत काय हे पाहावयाचे, असा मार्ग भारतीय वैद्यांना पत्करावा लागतो. येथे औषधच परीक्षेचे काम करते.

आता अशा एका पोटदुखीकडे वळू की, जिचे कारण कोणाही एका रोग्याचे पोट तपासून सापडले नसते.

इंग्लंडच्या नैऋत्येस डेव्हन नावाचा परगणा आहे. सफरचंदांच्या बागांबद्दल व त्या फळांपासून केलेल्या सायडर नावाच्या मद्याबद्दल तो प्रसिद्ध. अठराव्या शतकात तेथे दर वर्षी सायडरच्या हंगामात एक भयंकर पोटशूळ पसरत असे. बेंबीभोवती पिळवटून टाकणारा मुरडा, दिवसेंदिवस शौचास न होणे, चेहरा पांढराफटक, आणि पुढे काहींचे मनगट लुळे पडून हात लोंबू लागे. प्लिमथचे वैद्य जॉन हक्सम यांनी १७३९ मध्ये या रोगाचे तपशीलवार वर्णन केले व सायडरमधील आंबट अंशास दोष दिला. सायडर प्यालेल्यांनाच रोग होतो एवढे त्यांनी बरोबर हेरले होते. पण सायडर तर इतरत्रही पीत असत.

जॉर्ज बेकर हे वैद्य मूळचे डेव्हनचेच. त्यांनी हाच धागा पकडला. हेरफर्ड, ग्लॉस्टर व वूस्टर या परगण्यांत सायडर मुबलक पीत, तरी तेथे हा शूळ जवळजवळ ठाऊक नव्हता. फळ तेच, मद्य तेच. मग भेद कशात आहे? बेकर यांनी फळ चिरडण्याच्या घाण्यांकडे व रस काढण्याच्या चरकांकडे लक्ष पुरविले. डेव्हनमध्ये दगडी घाण्यांचे तुकडे लोखंडी पट्ट्यांनी जोडून फटींत वितळलेले शिसे ओतीत, काही ठिकाणी चरकालाही शिशाचे पत्रे मारीत. हेरफर्डकडे शिसे वापरीत नसत. आंबट रस शिशास खातो व ते त्यात उतरते. बेकर यांनी डेव्हनच्या सायडरवर रासायनिक परीक्षा केल्या आणि शिसे प्रत्यक्ष वेगळे काढून दाखविले. हेरफर्डच्या सायडरमध्ये ते मिळाले नाही. १७६७ मध्ये त्यांनी लंडनच्या वैद्यांच्या महाविद्यालयापुढे हा निबंध वाचला. आपल्या परगण्याचा धंदा बुडविणारा घरभेदी म्हणून डेव्हनमध्ये त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. पण हळूहळू घाण्यांतील शिसे निघाले आणि शूळही ओसरला.

बेकर यांच्याही आधी, सतराव्या शतकाच्या अखेरीस, जर्मनीतील उल्म येथील वैद्य एबरहार्ड गॉकेल यांनी एका मठातील पोटशुळाचा असाच छडा लावला होता. जे मठवासी द्राक्षमद्य पीत नव्हते ते सुखरूप होते. आणि आंबट मद्यास गोडी यावी म्हणून त्यात शिशाचे भस्म मिसळले जात होते. दोघांच्या शोधात एक समान रीत दिसते. ज्याला दुखते त्याच्याकडे सगळेच पाहतात. यांनी, ज्याला दुखावयास हवे असून दुखत नाही, त्याच्याकडेही पाहिले.

शिशाचा शूळ ही काही जुनी गोष्ट नव्हे. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले, परंतु जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळविणारे कामगार, त्यांच्या कपड्यांबरोबर घरी येणारी धूळ, पिवळेपणासाठी हळदीत मिसळले जाणारे शिशाचे क्रोमेट, आणि धातुयुक्त औषधे हे मार्ग उघडे आहेत. संस्कृतात शिशाला ‘नाग’ असेही नाव आहे, म्हणजे नागभस्म कशाचे हे सांगावयास नको. अशा रोग्याची सोनोग्राफी व दुर्बीण दोन्ही निर्दोष निघतात. रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या दक्ष तपासनिसास तांबड्या पेशींत निळसर ठिपके दिसतात, हिरड्यांच्या कडेशी कधी काळसर निळी रेघ आढळते, आणि रक्तातील शिसे मोजताच शंका फिटते. परंतु ते मोजावयाचे सुचण्यासाठी ‘आपण काम काय करता?’ आणि ‘कोणती औषधे घेता?’ हे प्रश्न आधी विचारलेले असावे लागतात.

रोग्याच्या पोटाबाहेर कारण असणाऱ्या दुखण्यांत पॉर्फिरिया या आनुवंशिक विकाराचीही गणना केली पाहिजे. रक्तातील तांबडे द्रव्य घडविण्याच्या रासायनिक साखळीत एक दुवा दुबळा असतो. एखाद्या औषधाने वा उपवासाने त्यावर ताण पडला, की आधीची द्रव्ये साचतात आणि अतिशय तीव्र पोटदुखी उद्भवते. पोट मात्र दाबून पाहिल्यास मऊ लागते. अशा रोग्यांची लघवी उजेडात ठेवल्यास काही तासांत गडद होते. स्वीडनमधील यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी १९३७ मध्ये या रोगाचा विस्तृत अभ्यास प्रसिद्ध केला. रोग विरळा आहे. पण तो न ओळखल्याने व्यर्थ पोट फाडले गेलेले रोगी तितके विरळ नाहीत.

एवढे सगळे पाहूनही कारण सापडले नाही तर? या ठिकाणी पुष्कळदा ‘तुमच्या मनाचे दुखणे आहे’ असे सांगून फाईल बंद केली जाते. असे सांगताना इतिहास आठवावा. जठर व त्यापुढील आतडे यांतील व्रण चिंतेने, तिखटाने व आम्लाने होतात, असे १९८० पर्यंत ग्रंथांत छापलेले असे. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरेन यांना जठराच्या अस्तराच्या तुकड्यांत वाकडे जंतू पुनःपुन्हा दिसत. इतक्या आम्लात जंतू जगतील कसे, म्हणून कोणी लक्ष देईना. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. जंतू वाढविण्याचे प्रयत्न फसत राहिले. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुटीमुळे तबकड्या नेहमीपेक्षा अधिक दिवस तशाच राहिल्या, तेव्हा ते वाढले. १९८४ मध्ये मार्शल यांनी त्या जंतूंचा काढा स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ चे नोबेल पारितोषिक या दोघांस मिळाले. ज्यांना काळजी सोडा म्हणून सांगितले गेले होते, त्यांच्यापैकी पुष्कळांना वस्तुतः आठवडा-दोन आठवड्यांच्या प्रतिजैविक औषधांची गरज होती.

तथापि, आज ज्यांच्या पोटात कोणताही व्रण, गाठ वा जंतू सापडत नाही त्यांचेही दुखणे खोटे ठरत नाही. आतड्याच्या भिंतीत दहा कोटींहून अधिक मज्जापेशी आहेत, आणि त्यांचा मेंदूशी दोन्ही दिशांनी सतत व्यवहार चालतो. रिची यांनी १९७३ मध्ये काही रोग्यांच्या मोठ्या आतड्यात लहान फुगा ठेवून हळूहळू फुगविला. ज्यांना असे कारणावाचून दुखते, त्यांना निरोगी माणसांच्या मानाने फुगा पुष्कळ लहान असतानाच वेदना होऊ लागली. आतड्याचा आकार निर्दोष. पण त्याची वर्दी मोठ्या आवाजात जाते. चिंता हा आवाज वाढविते हे खरे, तरी तेवढ्याने दुखणे चिंतेतूनच जन्मले असे होत नाही. वेदना गेल्या तीन महिन्यांत आठवड्यातून निदान एक दिवस होणे, तिचा शौचाशी संबंध असणे, शौचाच्या वेळा वा स्वरूप बदललेले असणे, आणि प्रारंभ सहा महिन्यांपूर्वी झालेला असणे, या खुणांवरून क्षोभशील आतड्याचे निदान आता सकारात्मक रीतीने करता येते. दुसरे काही सापडले नाही म्हणून ते नाव चिकटवावे लागत नाही.

मात्र वजन आपोआप घटणे, शौचातून रक्त जाणे वा शौच डांबरासारखे काळे होणे, ताप, कावीळ, गिळताना अडकणे, रक्त कमी होणे, झोपेतून उठविणारी वेदना, किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे, यांपैकी एक जरी गोष्ट आढळली तरी हे निदान बाजूस ठेवून शोध नव्याने आरंभावा लागतो. आधीचे सर्व अहवाल चांगले असले तरी हेच लागू आहे.

या खुणा नसतील तर अनुभवी वैद्य आणखी एखादी तपासणी लिहून देण्यापूर्वी रोग्यास एक वही घालावयास सांगतात. चार आठवडे रोज लिहावयाचे: दुखणे केव्हा उठले, किती वेळ टिकले, त्याआधी काय खाल्ले-प्याले, शौच कसे झाले, कोणती गोळी घेतली, कामावर गेलो की सुटी होती. स्त्रियांनी पाळीचे दिवसही नोंदवावे. पाळीच्या चक्राबरोबर चढणाऱ्या-उतरणाऱ्या दुखण्यामागे गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती अन्यत्र वाढलेली असू शकते, आणि ते ओळखण्यास आजही पुष्कळदा वर्षे लागतात. काहींच्या वहीत सांधेदुखीच्या गोळ्या व जठरातील जळजळ एकाच दिवशी भेटतात. काहींच्या वहीत जेवणानंतर अर्ध्या तासाने उठणारी वेदना, तिच्या भीतीने कमी होत गेलेले घास व सैल झालेले कपडे एका पानावर येतात, आणि आतड्याच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिनीकडे बोट दाखवितात. आणि पुष्कळांच्या वहीत दूध सापडते. आपल्या देशातील बहुसंख्य प्रौढांच्या आतड्यात दुग्धशर्करा पचविणारे पाचकद्रव्य बालपणीच्या मानाने फारच कमी उरलेले असते. ती न पचलेली शर्करा मोठ्या आतड्यातील जंतूंच्या तावडीत सापडून आंबते, वायू धरतो व मुरडा येतो. अशा माणसाने दोन-तीन आठवडे दूध बंद ठेवावे व मग सकाळी एक मोठा पेला दूध घेऊन पाहावे. दह्याने मात्र त्याला सहसा त्रास होत नाही, कारण ते लावतानाच विरजणातील जंतूंनी त्या शर्करेचा काही भाग संपविलेला असतो.